पोटातली शाई

रिपोर्टवर हिमोग्लोबिनपुढे ९.४ लिहिलं होतं आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. बायकांचं निदान १२ तरी हवं, म्हणत डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता विचारलं, ‘‘चहा किती वेळा होतो?’’ मी म्हटलं, दोनदा. (चारदा होतो. पण डॉक्टरांपुढे माझा हिशोब नेहमीच निम्म्यावर येतो.)

आईनं त्याच दिवशी माळ्यावरून लोखंडी कढई उतरवली. माझ्या नॉनस्टिकच्या हौसेपायी ती तिथे दहा वर्षं गंजत पडली होती. चिंचेनं घासून, तेलाचा हात फिरवून तिनं तीत अळूचं फदफदं केलं. आंबटामुळे लोखंड भाजीत उतरतं खरं, पण शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, नाहीतर भाजी काळी पडते आणि लोखंडाचा वास मारते. अर्थात कढई काही गोळ्यांची जागा घेत नाही, हे आईला सांगायची हिंमत कोणी करायची?

चार दिवसांनी मी कपातला उरलेला कोरा चहा आळसानं त्याच कढईत ओतून दिला. थोड्या वेळानं बघते तर काळंनिळं पाणी. ‘‘शाई केलीस की गं!’’ आई म्हणाली. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) उकळून शाई करत, तीच ही गोष्ट. हिरड्यातलं टॅनिन लोहाला धरून बसतं, आणि चहाही तसलाच तुरट. जेवणाबरोबर चहा घेतला की पोटातही तेच होतं. भाजी-धान्यातलं लोह चहाच्या मिठीत अडकतं आणि अंगी न लागता निघून जातं.

म्हणजे पोह्यांबरोबर चहा पिऊन वर्षानुवर्षं मी पोटात शाईच करत होते. आणि पोह्यांवरची लिंबाची फोड, जी मी शोभेची समजून बशीच्या कडेला सारायचे, ती नेमकी उलट कामाची. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला शरीरात शिरण्याजोगं करतं.

तसं अंगात लोखंड असतंच किती? ३-४ ग्रॅम. कॅलेंडर टांगायला एखादा खिळा होईल. पण शरीरासारखा चोख भंगारवाला नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडीत निघतात, त्यांतलं लोखंड वेचून तो पुन्हा नव्या पेशींना लावतो. जेवणातलं रोज १-२ मिलिग्रॅम अंगी लागलं तरी त्याचं भागतं. आम्हा बायकांचं दर महिन्याला बाहेर जातं, म्हणून आमचंच खातं आधी तुटीत.

आता पोहे साडेआठला, वर लिंबू पिळून. चहा दहाला. मधला दीड तास मी घड्याळाकडे बघत काढते. आई समोर बसून पोह्यांबरोबर बशीतला चहा फुर्रकन ओढते. तिचं हिमोग्लोबिन १३ आहे.