पी.एफ.टी.चा रिपोर्ट: टक्के नंतर, आधी आलेख

“किती टक्के पडले?” पेठेतल्या आजोबांचा हा ठरलेला प्रश्न. ६२ म्हटलं की “म्हणजे फर्स्ट क्लासच की!” म्हणून खूशही होतात. मी एका छातीच्या डॉक्टरांकडे पी.एफ.टी., म्हणजे फुप्फुसं किती काम करतात ते बघायची तपासणी करते; थोडक्यात, दिवसभर लोकांना मशीनच्या नळीत फुंकायला लावते. तुमचं वय, उंची आणि तुम्ही बाई की पुरुष, यावरून मशीन एक अपेक्षित आकडा काढतं. तुम्ही त्याच्या किती टक्के फुंकलंत, ते रिपोर्टवर छापून येतं. परीक्षेच्या मार्कांशी त्याचा संबंध नाही.

म्हणूनच चपला काढून भिंतीला टेकून उभं राहायला सांगते. “कशाला? पत्रिकेत पाच-सहा लिहिलीय,” हे उत्तर चालत नाही. उंचीप्रमाणे फुप्फुसातली हवा वाढते हे जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ सालीच दाखवून दिलं होतं, तेही दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावून. त्या बिचाऱ्याच्या घशाचं काय झालं असेल, हा विचार मला नेहमी येतो. दिवसभर “फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका” ओरडून संध्याकाळी माझा घसा बसलेला असतो.

रिपोर्टवर आकडे पुष्कळ असतात, पण घरच्यांनी तीनच बघावेत. छाती गच्च भरून घेऊन जोरात, अगदी शेवटपर्यंत सोडलेली सगळी हवा म्हणजे एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली म्हणजे एफईव्ही-वन. आणि या दोघांचा रेशो, म्हणजे एफईव्ही-वन भागिले एफव्हीसी. श्वासाच्या नळ्या आवळलेल्या असल्या की हवा आत असते, पण निघायला वेळ लागतो. मग रेशो घसरतो आणि रिपोर्टवर ‘ऑब्स्ट्रक्शन’ येतं. नळ्या मोकळ्या करणारा औषधाचा पंप दिल्यावरही तो ०.७०च्या खालीच राहिला तर डॉक्टर सीओपीडीचा, म्हणजे नळ्या कायमच्या आवळून टाकणाऱ्या आजाराचा विचार करतात. ‘रिस्ट्रिक्शन’चं वेगळं, तिथे हवाच कमी मावते. फायब्रोसिसने फुप्फुस कडक झालेलं असतं, किंवा पाठीच्या बाकामुळे छातीचा पिंजरा नीट उघडत नाही. बाल्कनीतल्या कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसाचा आजारही यात येतो. पुण्यात कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांना हे सांगितलं तर ते माझ्याकडेच संशयाने बघतात.

आता खरी गंमत. एक काकू बाहेर केलेला रिपोर्ट घेऊन आल्या. एफव्हीसी २.४ लिटर, एफईव्ही-वन १.९, रेशो ०.७९. खाली ‘रिस्ट्रिक्शन’ असा शिक्का. काकूंनी इंटरनेटवर वाचून फायब्रोसिसची धास्ती घेतलेली. मी आलेख बघितला तर रेघ दोन सेकंदांतच तुटलेली! फुंकणं मधेच सोडलं होतं आणि कुणी टोकलंही नव्हतं.

आमच्याकडे बसवलं, नाकाला चिमटा लावला. पहिल्यांदा ओठांच्या फटीतून निम्मी हवा गेली. “काकू, नळी दातांच्या आत, ओठ घट्ट. गाल फुगवायचे नाहीत.” “अगं, आवाज होतो ना, बरं दिसत नाही चारचौघांत.” खोलीत आम्ही दोघीच. मग मीच फुंकून दाखवलं, तोंड लाल होईपर्यंत. पुढच्या खेपेला काकू सहा सेकंदांच्या पुढे गेल्या, शेवटी खोकल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण एफव्हीसी ३.२ निघालं. एफईव्ही-वन तेच १.९. रेशो ०.५९. म्हणजे नळ्या आवळलेल्या, आणि फायब्रोसिसचं नावसुद्धा नाही. हवेच्या वेगाच्या आलेखाची उतरती बाजू झोळीसारखी आत गेलेली, ती तर लांबूनही दिसत होती.

काकू आणि सिगारेट? छे. लग्नाआधी मावळात चुलीचा धूर, नंतरही बरीच वर्षं चुलीवरच पाणी तापवणं. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर आपल्या पुण्यातल्याच डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहिलंय. तरी ‘धाप लागते’ म्हणणाऱ्या बाईला अजूनही आधी ‘वजन कमी करा’ हेच ऐकावं लागतं, याचा मला राग येतो.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की आलेखावर किती फुंकी नीट आहेत ते विचारा. तीन तरी हव्यात, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोघींत १५० मिलीहून जास्त फरक नको. एफव्हीसी कमी दिसलं म्हणून लगेच रिस्ट्रिक्शन धरून बसू नका. फुंकल्यावर आत उरणारी हवा या मशीनला मोजताच येत नाही, त्याला वेगळी टेस्ट लागते. येताना कवळी घट्ट बसत असेल तर काढू नका, पोटभर जेवून येऊ नका, आणि सकाळचा पंप घ्यायचा की नाही ते आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर ते दारातच सांगा, मी फुंकायला लावल्यावर नाही.