बिझनेस मायनर घ्यायचाय? आधी सक्तीच्या विषयांचा तक्ता वाचा

बिझनेस मायनरच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान कुठलंही उचला, सारखंच असतं. कोट घातलेली हसरी मुलं, मागे काचेची इमारत आणि 'नेतृत्व', 'नवोन्मेष', 'जागतिक दृष्टी' वगैरे. ते पान उलटून सरळ सक्तीच्या विषयांच्या तक्त्यापाशी या. तुम्ही जे घेणार आहात ते या तक्त्यात आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. आता एका निदान प्रयोगशाळेत काम करते आणि माझा निम्मा वेळ सूक्ष्मजंतूंपेक्षा नमुन्यांच्या रांगा, रसायनांचा साठा आणि यंत्रखरेदीचे प्रस्ताव यांत जातो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मायनर आणि सर्टिफिकेट असे दोन्ही पर्याय समोर होते. मी सर्टिफिकेट घेतलं. आता ओळखीपाळखीतली मुलं याच प्रश्नासाठी माझ्याकडे येतात आणि दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

फरक आधी थोडक्यात. मायनर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेचा ठरावीक क्रेडिट्सचा संच. बहुतेक ठिकाणी पाच-सहा विषय, त्यातले बरेचसे सक्तीचे: अर्थशास्त्र, अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, व्यवस्थापन, कधी व्यवसाय कायदा. सर्टिफिकेट लहान असतं, तीन-चार विषयांचं, आणि ते एखाद्या धाग्याभोवती बांधलेलं असतं: उद्योजकता, डेटा अ‍ॅनालिटिक्स, सप्लाय चेन. आकडे आणि अटी संस्थेगणिक बदलतात. ऑनलाइन कोर्स संपल्यावर मिळणारं प्रमाणपत्र ही आणखी तिसरी गोष्ट. त्याचं नावही सर्टिफिकेटच, पण विद्यापीठाने ते क्रेडिट म्हणून मान्य केलेलं नसेल तर तुमच्या गुणपत्रकाशी त्याचा संबंध नाही. वाईट असतं असं नाही. पण फॉर्म भरताना दोन्हींची गल्लत करू नका.

आता माझं ठाम मत. या सगळ्यात एकच विषय असा आहे की विज्ञान, कला, अभियांत्रिकी, कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याने तो वर्गात बसून, गृहपाठ करून शिकावा. तो म्हणजे अकाउंटिंग. बाकीचं बरंचसं पुढे कामाच्या ओघात, माणसांत वावरून, थोडं वाचून जमतं. अकाउंटिंग तसं जमत नाही. मी नोकरीत हुशार शास्त्रज्ञांना ताळेबंदासमोर गप्प बसलेलं पाहिलं आहे.

माझ्या वर्गात विज्ञानाची जी चार टाळकी होती त्यांना पहिले दोन आठवडे हा विषय कारकुनी वाटला. मग सरांनी सांगितलं की दुहेरी नोंदीची पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची रीत, छापील स्वरूपात पहिल्यांदा सविस्तर मांडली ती लुका पाचोली नावाच्या गणितज्ञाने, १४९४ साली व्हेनिसमध्ये, आणि तीही गणिताच्या ग्रंथातलं एक प्रकरण म्हणून. पद्धत त्याने शोधली नव्हती, व्यापारी ती आधीपासून वापरत होते. पण त्यानंतर मी त्या विषयाकडे गणित म्हणूनच पाहायला लागले. मालमत्ता = देणी + भांडवल. हे समीकरण प्रत्येक व्यवहारानंतर जुळलंच पाहिजे. रासायनिक समीकरण तोलण्याची सवय असलेल्या पोरांना यात नवं काय वाटणार!

खरी गंमत पुढे आहे. समजा प्रयोगशाळेने ५०० चं एक यंत्र रोख घेतलं आणि ते पाच वर्षं चालणार आहे. पहिल्या वर्षी चाचण्यांतून ३०० रोख आले, पगार आणि रसायनांवर १४० रोख गेले. नफा किती? यंत्राची किंमत पाच वर्षांत सारखी वाटली तर या वर्षाच्या वाट्याला १०० घसारा येतो. ३०० वजा १४० वजा १००, म्हणजे ६० नफा. आता तिजोरी उघडा: ३०० आले, १४० आणि ५०० गेले, म्हणजे ३४० कमी. एकाच वर्षात कागदावर नफा आणि तिजोरीत खड्डा, आणि दोन्ही आकडे खरे. नफ्यात असलेला धंदा पैशाअभावी बंद कसा पडू शकतो, हे मला त्या दिवशी उमगलं. वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान तोवर मी नुसतं उलटायचे. ते वाचायला लागले ते तेव्हापासून.

फायनान्सची मूळ कल्पना एवढीच की आजचा पैसा आणि दोन वर्षांनंतरचा पैसा एक नव्हे. दर १० टक्के धरला तर दोन वर्षांनी मिळणारे १२१ म्हणजे आजचे १००. यावर पुढे भलामोठा इमला उभा आहे, पण तो चढायला अकाउंटिंग आधी व्हावं लागतं. तक्त्यात 'पूर्वअट' नावाचा स्तंभ असतो तो म्हणूनच नीट वाचायचा. फायनान्सला अकाउंटिंग लागतं, ऑपरेशन्सला, म्हणजे रोजचं काम कसं आखायचं आणि चालवायचं या विषयाला, संख्याशास्त्र लागतं, आणि काही ठिकाणी अकाउंटिंगच्याही आधी अर्थशास्त्र. ही साखळी तीन सत्रांची झाली आणि तुम्ही शेवटच्या वर्षाच्या तोंडावर जागे झालात, तर मायनरचा विषय तिथेच मिटतो. त्यात बाहेरच्या शाखेच्या मुलांना नोंदणी बऱ्याचदा उशिरा खुली होते. तोवर सोयीच्या वेळेच्या तुकड्या भरलेल्या असतात.

ऑपरेशन्स हा माझा लाडका विषय, त्यामुळे इथे जरा पाल्हाळ लावते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे. व्यवस्थेत सरासरी किती गोष्टी अडकलेल्या असतात? येण्याचा सरासरी वेग गुणिले प्रत्येकीचा आत राहण्याचा सरासरी वेळ, बस. आमच्याकडे तासाला ४० नमुने येतात आणि अहवाल निघेपर्यंत सरासरी ३ तास लागतात असं धरा. मग कुठल्याही क्षणी सरासरी १२० नमुने ट्रे, फ्रिज आणि यंत्र यांत मिळून कुठेतरी असणारच. कोणावर ओरडून ते कमी होत नाहीत. वेळ २ तासांवर आणा, ते ८० होतील. नियमाला फारशा अटी नाहीत. नमुने कुठल्या क्रमाने तपासता, ते एकेक येतात की झुंडीने, याने फरक पडत नाही, फक्त दीर्घ काळात जेवढे येतात तेवढे बाहेर पडत राहिले पाहिजेत. एवढी साधी आणि एवढी उपयोगी गोष्ट मला पदवीच्या बाकी कुठल्याच वर्गात मिळाली नाही, आणि हे मी सूक्ष्मजीवशास्त्रावर मनापासून प्रेम असूनही म्हणते आहे.

मार्केटिंगची ओळख करून देणारा कोर्स मला पातळ वाटतो. मी तो घेतला नाही, मैत्रिणीच्या वह्या वाचल्या. अर्थात मानसशास्त्र किंवा भाषा शिकणाऱ्यांना तो जवळचा वाटू शकेल. गटकाम मात्र सगळीकडे आहे, त्यातून सुटका नाही. चारजणांच्या गटात स्लाइड्स कोण करणार हे पहिल्याच दिवशी ठरवा.

मग मी मायनर का घेतलं नाही? कारण माझ्या तक्त्यातल्या सहापैकी तीन विषय मी नावासाठीच घेतले असते, आणि त्यांची किंमत होती इम्युनॉलॉजीचा वैकल्पिक विषय आणि त्याला जोडलेला प्रकल्प. सर्टिफिकेटमध्ये मला हवे असलेले अकाउंटिंग आणि ऑपरेशन्स दोन्ही होते. तिसरा सक्तीचा विषय उद्योजकतेचा. त्यात एका काल्पनिक कंपनीचा आराखडा लिहायचा होता. अर्धा वेळ वाया गेला असं माझं मत, उरलेल्या अर्ध्यात ना-नफा-ना-तोटा बिंदू पक्का झाला.

माझ्या वर्गमित्राचं गणित उलटं होतं. तो संख्याशास्त्राचा. त्याचे दोन विषय मुख्य पदवीत आणि मायनरमध्ये, दोन्हीकडे धरले जात होते. त्यामुळे त्याला खरं तर चारच जादा विषय करावे लागले. त्याने मायनर घेतलं ते बरोबरच केलं. तुमच्या संस्थेत एक विषय दोन्हीकडे मोजतात का, आणि मोजत असतील तर किती, हे कार्यालयात लेखी विचारा. वरच्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, नियम मध्येच बदललेला असतो.

'पुढे एमबीए करायचंय' म्हणून मायनर घेणारे बरेच भेटतात. एमबीएला साधारणपणे कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि पहिल्या वर्षाला हेच प्राथमिक विषय पुन्हा येतात. हां, आपल्याला हे आवडतं का एवढं तपासायचं असेल तर एक विषय घेऊन पाहणं शहाणपणाचं. त्यासाठी सहा कशाला?

नोकरीचं म्हणाल तर माझ्या मुलाखतीत सर्टिफिकेटचं नाव कोणी काढलं नाही. प्रश्न आला तो असा: हे यंत्र विकत घ्यावं, की कंपनीकडून फुकट ठेवून घेऊन तिचीच किट्स चढ्या दराने घ्यावीत? मी कागद मागितला. महिन्याला किती चाचण्या होतात यावर उत्तर अवलंबून आहे असं सांगून दोन्ही पर्यायांच्या खर्चाच्या दोन रेषा काढल्या आणि त्या कुठे छेदतात ते दाखवलं. उत्तर बरोबर होतं की नाही ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण पुढची वीस मिनिटं आम्ही त्या कागदावरच बोलत होतो.

माझा मावसभाऊ सध्या याच फेऱ्यात आहे. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. परवा फोनवर म्हणाला, "ताई, मायनर घेतलं तर निदान गुणपत्रकावर दिसेल तरी."

"दिसेल रे. पण त्यातले कुठले विषय तू नाव नसतं तरी घेतले असतेस?"

बराच वेळ शांतता. मग, "अकाउंटिंग. आणि तो डेटाचा."

"मग ते दोन आधी घे. दोन्ही मायनरमध्येही मोजले जातात आणि सर्टिफिकेटमध्येही. फॉर्म पुढच्या वर्षी भरता येतो का बघ."

भरता येतो, त्याने विचारून घेतलं. आता अडचण एवढीच आहे की अकाउंटिंगचा तास ऑप्टिक्सच्या प्रॅक्टिकलवर येतोय. दुसऱ्या तुकडीत जागा मिळावी म्हणून त्याने अर्ज दिलाय.