ग्रीनवरचे पाणी कुठे जाते?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली रविवारची रात्र मी गेली अनेक वर्षे जागून काढतो. अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स या गोल्फ स्पर्धेची शेवटची फेरी संपत येते, तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट जवळ आलेली असते. 2013 साली तर 72 होल, म्हणजे चारही फेऱ्या, संपल्यावरही ॲडम स्कॉट आणि आन्हेल काब्रेरा बरोबरीत राहिले आणि बरोबरी फोडणारा प्लेऑफ लांबला. प्लेऑफचा दुसरा होल दहाव्या क्रमांकाचा होता. तिकडे पावसाळी संध्याकाळ अंधारत चालली होती आणि आपल्याकडे पहाटेचे पाच वाजून गेले होते. काब्रेराचा पट, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू घरंगळवत मारायचा फटका, अगदी थोडक्यात हुकला. स्कॉटसमोर साधारण बारा फुटांचा पट उरला होता, पण त्या उजेडात त्याला ग्रीनचा उतार नीट दिसेना, म्हणून त्याने आपला कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती, स्टीव्ह विल्यम्स याला जवळ बोलावले. चेंडू एका कपाहून, म्हणजे होलच्या रुंदीहून, थोडा जास्त वळेल असा स्कॉटचा अंदाज होता. निदान दोन कप तरी धर, तुला वाटते त्याहून तो जास्त वळणार आहे, असे विल्यम्सने सांगितले. स्कॉटने ऐकले, चेंडू होलमध्ये गेला आणि ऑस्ट्रेलियाला पहिला मास्टर्स विजेता मिळाला.

होलचा व्यास सव्वाचार इंच असतो, म्हणजे त्या दोघांच्या अंदाजात जेमतेम चार इंचांचे अंतर होते. त्या पहाटेपासून माझे गोल्फ पाहणे बदलले. तोवर मी लांब ड्राइव्ह, म्हणजे होलच्या सुरुवातीचे जोरदार फटके, पाहण्यासाठी जागत असे. आता पट मारण्यापूर्वीची दोन मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटतात.

अडचण अशी आहे की दूरचित्रवाणीवर उतार दिसत नाही. उंचावरून टिपणारा कॅमेरा चढउतार सपाट करून टाकतो. ऑगस्टाला प्रत्यक्ष जाऊन आलेली माणसे परतल्यावर पहिली गोष्ट सांगतात ती तिथल्या टेकड्यांची. पडद्यावर मात्र ते मैदान हिरव्या गालिच्यासारखे दिसते. म्हणून मी चेंडूऐवजी खेळाडूकडे पाहतो. तो ग्रीनकडे कोणत्या बाजूने चढतो, कुठे थांबतो, होलच्या खालच्या अंगाला जाऊन किती वेळ बसतो, शेवटच्या चार पावलांत त्याची नजर कुठे असते, यावरून उतार कुठे आहे हे बरेचसे कळते. कोलंबियाचा कामिलो विजेगास हातांवर भार देऊन जवळजवळ जमिनीला समांतर होत असे आणि गवताच्या पातळीवरून लाइन, म्हणजे चेंडूचा मार्ग, पाहत असे. अनेकांना तो दिखावा वाटे, मला कधीच वाटला नाही. डोळा जितका खाली येतो तितकी उताराची कड स्पष्ट दिसते.

ग्रीन कसे वाचावे हे मला शिकवले ते एका वयस्कर कॅडीने. मी अधूनमधून ज्या मैदानावर खेळतो त्याच्या शेजारच्याच वस्तीत तो लहानाचा मोठा झाला होता. जुलैतल्या एका सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. मी चेंडूमागे उकिडवा बसून बराच वेळ पाहत होतो आणि माझ्या मते पट उजवीकडे वळणार होता. त्याने पिन, म्हणजे होलमधली निशाणाची काठी, काढून हातात घेतली आणि शांतपणे विचारले, "साहेब, आत्ता पाऊस पडला ना, त्याचं पाणी कुठं गेलं ते बघा की." ग्रीनच्या डाव्या काठाला गवतात एक ओलसर पट्टा चकाकत होता आणि त्याच्या पुढे चराकडे पाण्याची बारीक धार लागली होती. चेंडू डावीकडे वळला. पुढे कधीतरी बोलण्यात कळले की त्याच्या वडिलांची थोडी शेती होती आणि बांध कुठे घालायचा, पाट कुठून काढायचा हे तो लहानपणीच शिकला होता.

ही नुसती युक्ती नाही. ग्रीन बांधणारा पाणी तुंबू नये म्हणून त्याला मुद्दाम उतार देतो, त्यामुळे पाणी जिथून बाहेर पडते ती दिशा सापडली की ग्रीनचा मूळ कल सापडतो. आजूबाजूला डोंगर किंवा मोठा चढ असेल तर डोळा फसतो, कारण तिरप्या जमिनीशी तुलना करताना थोडा उतारही सपाट भासतो. पाण्याचा विचार केला की ही फसगत टळते.

पण चेंडू हा पूर्णपणे पाणी नव्हे. त्याला स्वतःचा वेग असतो, आणि माझ्या मते ग्रीन वाचण्याचे सारे मर्म इथे आहे. वेग भरपूर असेपर्यंत चेंडू उताराला फारसा जुमानत नाही. वेग ओसरू लागला की तो पाण्यासारखा वागतो. म्हणून जवळजवळ सगळे वळण शेवटच्या काही फुटांत येते, आणि म्हणूनच जाणते खेळाडू होलभोवतीची जमीन सर्वांत बारकाईने पाहतात. एकाच जागेवरून एकच पट जोरात मारला तर अर्धा कप वळेल आणि हळू मारला तर दोन कप. किती वेगाने मारायचे हे ठरवल्याशिवाय लाइन ठरूच शकत नाही. चढावर मारलेला पट कमी वळतो, उतारावरचा जास्त, त्याचेही कारण हेच आहे. शिवाय हळू येणाऱ्या चेंडूला होलची पूर्ण रुंदी मिळते, जोरात येणाऱ्याला फक्त मधला भाग.

टायगर वुड्सचा 2005 च्या मास्टर्समधला सोळाव्या होलवरचा चिप, म्हणजे ग्रीनबाहेरून मारलेला छोटा उडता फटका, आठवून पाहा. त्याने नेम होलवर धरलाच नव्हता, बराच डावीकडे उतारावरचा एक ठिपका निवडला होता. चेंडू तिथे पडला, वेग हरवून बसला आणि उताराच्या स्वाधीन होऊन उजवीकडे वळला. होलच्या ओठावर येऊन तो क्षणभर पूर्ण थांबला, मग आत पडला. तो चमत्कार होता असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आत पडणे हे नशीब म्हणता येईल, पण तो ठिपका शोधणे हे निखळ वाचन होते.

ग्रीनवर चेंडू किती धावतो, म्हणजे ग्रीनचा वेग, मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. एडवर्ड स्टिम्पसन याने 1935 मध्ये ते सुचवले आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1970 च्या दशकात त्यात सुधारणा करून ते स्वीकारले. 36 इंच लांबीची खाचेची धातूची पट्टी हळूहळू उचलायची. साधारण 20 अंशांचा कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो, आणि सपाट जागेवर तो जितके फूट जातो तितका ग्रीनचा वेग. व्यावसायिक स्पर्धांत हा आकडा बहुधा 11 ते 13 असतो. आपल्याकडच्या खेळाडूंना गवताची लव हीसुद्धा वाचावी लागते, कारण उष्ण हवामानातल्या बर्म्युडा गवताची पाती एका दिशेला झुकलेली असतात. गवत चकाकत असेल तर पाती आपल्यापासून दूर झुकलेली असतात आणि चेंडू भरभर जातो; गडद दिसत असेल तर ती आपल्याकडे झुकलेली असतात आणि चेंडू अडतो. होलची कडा वाकून पाहिली तर एक बाजू कापल्यासारखी स्वच्छ आणि दुसरी किंचित करपलेली, उसवलेली दिसते. लव त्या उसवलेल्या बाजूकडे वाढत असते.

ही विद्या कुणाची, याबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे. 1982 पर्यंत मास्टर्समध्ये खेळाडूंना ऑगस्टाच्याच कॅडींना सोबत घ्यावे लागे. ते बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि ते ग्रीन त्यांना तोंडपाठ होते. त्यांतल्या कार्ल जॅक्सनने सोबत केलेल्या बेन क्रेनशॉने 1984 आणि 1995 अशी दोनदा ही स्पर्धा जिंकली. पुढे उतारांचे बारीक नकाशे छापलेली पुस्तके खेळाडूंच्या खिशात आली. 2019 मध्ये त्या नकाशांच्या प्रमाणावर मर्यादा आली आणि 2022 पासून मोठ्या व्यावसायिक स्पर्धामालिकांनी सविस्तर नकाशांना मनाई केली. मला तो निर्णय योग्य वाटतो. मात्र पायांनी उतार जोखून त्याला क्रमांक द्यायचा आणि तितकी बोटे डोळ्यांसमोर धरून नेम ठरवायचा, या एमपॉइंट पद्धतीवरही बंदी यावी असे काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. वेळ वाया जात असेल तर वेळेचा नियम लावावा. तळपायाने जमीन ओळखणे हे तर खेळाचे अंगच आहे.

अर्थात अचूक वाचूनही पट जात नाहीतच. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात आणि वीस फुटांवरून शंभरातले पंधराच्या आसपास. हे आकडे ठाऊक असूनही 7 ऑगस्ट 2021 ची ती शनिवारची सकाळ मला विसरता येत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या शेवटच्या फेरीत भारताची अदिती अशोक खेळत होती आणि तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. तिचा ड्राइव्ह बरोबरीच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी आखूड पडत होता, तरी चार दिवस ती पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटरच्या, म्हणजे पट मारायच्या काठीच्या, जोरावर. वादळामुळे खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. अठराव्या ग्रीनवर बर्डीचा, म्हणजे त्या होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक फटका कमी लागण्याचा, पट पडला असता तर ती पदकासाठीच्या प्लेऑफमध्ये गेली असती. चेंडू होलच्या जवळून निघून गेला. एका फटक्याने पदक हुकले आणि ती चौथी आली. त्या पटचे चित्रण मी नंतर पुष्कळदा पाहिले आहे, आणि दर वेळी शेवटच्या दोन फुटांत त्या ग्रीनवरचे पाणी कुठल्या बाजूला जात असेल ते शोधत राहतो.