पुळणीचे उत्तर टोक

विल्सन महाविद्यालयासमोर, गिरगाव चौपाटीच्या वाळूत बसून मी मावशीला सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचची हकिगत सांगितली आणि ती लिहून काढावी, असे तिनेच सुचवले.

बेकर बीच शहराच्या वायव्येला, खुल्या प्रशांत महासागरावर आहे. सप्टेंबरमधल्या त्या दुपारी धुके विरले होते आणि उत्तरेला गोल्डन गेट पूल सबंध दिसत होता. १९३७ साली खुल्या झालेल्या या पुलाच्या दोन मनोऱ्यांमधले अंतर १,२८० मीटर आहे. चित्रांत तो लाल भासतो, प्रत्यक्षात त्याचा रंग मारुतीच्या शेंदराच्या अधिक जवळचा आहे. पाणी इतके गार होते की घोटे बुडताच हाडे ठणकू लागली. लाटा मागे फिरताना माणसाला आत ओढतात, त्यामुळे तिथे पोहणे धोक्याचेच आहे.

दक्षिणेकडे वाहनतळाजवळ मुलाबाळांची गर्दी असते. पुलाच्या दिशेने चालत गेले की ती विरळ होत जाते आणि उत्तर टोकाला काही माणसे विवस्त्र पहुडलेली दिसतात. शहराने २०१२ साली सार्वजनिक नग्नतेवर बंदी घातली, परंतु हा किनारा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे ती इथे लागू होत नाही.

माझी पावले अडखळली. समोर सत्तरीचे एक जोडपे पुस्तक वाचत होते; आजींच्या पोटावर शस्त्रक्रियेचा जुना व्रण होता आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. कोणीही कोणाकडे रोखून पाहत नव्हते. गुडघ्यापर्यंत भिजून मी पाण्याबाहेर आले आणि सवयीने कुर्ता खाली ओढू लागले, तेव्हा ध्यानात आले की माझ्याकडेही कोणी पाहत नाही. जुहूच्या वाळूत, अंगभर कपड्यांतही, हा मोकळेपणा मला कधी लाभलेला नाही. त्या किनाऱ्यावर नवल वाटण्याजोगे मला हेच दिसले; नग्नतेची सवय डोळ्यांना पंधरा मिनिटांत झाली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण तिथेच झाली. याच विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी ती नोकरी गमावलेल्या या माणसाने १९२७ साली मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे छापली आणि नग्नतेत अश्लील काही नाही, हे खटले अंगावर घेऊन मांडले. माझ्या आजोबांकडे त्याचे काही अंक होते. ते ट्रंकेत, धोतरांच्या घड्यांखाली ठेवलेले असत, असे मावशीने सांगितले.

“तुला भीती नाही वाटली?” तिने विचारले.

“आधी वाटली. मग तिथून निघावंसंच वाटेना.”

मावशी गिरगावातच वाढली. चौपाटी घरापासून चालत दहा मिनिटांवर, तरीही घोट्याच्या वर ती समुद्रात कधी उतरलेली नाही, कारण ओल्या साडीने परतताना सगळी वाडी गॅलरीत येऊन पाहील, असे तिच्या आईने तिला लहानपणीच बजावले होते.