नंतर

मंगळवार, रात्री पावणेअकरा

सगळे झोपले आहेत. खोलीत एकच लहान दिवा ठेवलाय आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसलोय. बसलो की पहिली दोन मिनिटं मी काहीच म्हणत नाही. आपण कुणासमोर बसलोय, एवढंच आठवतो. ही दोन मिनिटं चुकली तर पुढची सगळी प्रार्थना म्हणजे आपलं आपल्याशीच बोलणं होतं, हे अनुभवाने कळलंय.

रात्रीची प्रार्थना घरात लहानपणापासून होती. एखादं स्तोत्र, उपकारस्तुती, शेवटी प्रभूची प्रार्थना. पण सरलेला दिवस देवासोबत मागे वळून बघायचा, हे मला फार उशिरा मिळालं, एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या एकांत शिबिरात, एका वयस्कर फादरांकडून. त्याआधी मी दिवस आठवत नव्हतो असं नाही. पण अंथरुणाला पाठ टेकली की खटलाच उभा राहायचा. आरोपी मी, फिर्यादी मी, न्यायाधीशही मी. निकाल ठरलेला. झोप उडायची, आणि एवढं होऊन तीच चूक दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हायची. स्वतःला बोल लावून झाले की हिशेब मिटला असं वाटायचं, म्हणून असेल.

फादरांनी बायबलमधलं १३९ वं स्तोत्र उघडायला सांगितलं होतं. शेवटाकडची ओळ: ‘हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण.’ ते म्हणाले, “झडती कोण घेतोय ते नीट वाच. तू नाहीस.”

तो शब्द तेव्हापासून मनात घर करून आहे. झडती म्हणजे कपाटं उघडणं, गाद्या उचलून बघणं, कोपरा न् कोपरा तपासणं. भीती वाटावी असाच शब्द. पण स्तोत्राच्या सुरुवातीलाच कबूल केलेलं असतं की तू मला आधीपासून ओळखतोस, माझं बसणं नि उठणं तुला ठाऊक आहे. जो सगळं जाणून आहे आणि तरीही सोडून गेलेला नाही, त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या. मग लपवायचं काय आणि कशाला?

या प्रार्थनेला एक्झामेन म्हणतात. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांनी ती पाच टप्प्यांत लिहून ठेवली. आधी आभार, मग आपलं पाप ओळखण्यासाठी कृपा मागणं, मग तासातासाने दिवस तपासणं, क्षमा मागणं, आणि पुढच्या दिवसासाठी निश्चय. दुपारी एकदा आणि रात्री एकदा करावी, असं ते सांगत. मला दुपारचं जमत नाही. रात्रीचा पाव तास मात्र आता सोडवत नाही.

इग्नेशियस मुळात सैनिकी बाण्याचे. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि ते कित्येक महिने अंथरुणाला खिळले. वाचायला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, मिळाली ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या ते कधी पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगावं असा विचार करत. दोन्ही वेळा त्या क्षणी आनंदच व्हायचा. फरक नंतर पडायचा. पराक्रमाची स्वप्नं विरली की मन कोरडं पडायचं, दुसरे विचार सरले तरी समाधान मागे राहायचं. मला वाटतं, या प्रार्थनेचं मूळ तिथेच आहे. ती ज्यात आहे त्या त्यांच्या ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’ या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली ती १५४८ साली. पण बीज पडलं ते एका दुखणाईताने स्वतःच्या मनावर धरलेल्या या बारीक नजरेत.

असो. आजचा दिवस.

आभार आधी, आणि ही क्रमवारी मी मोडत नाही. मोडली की खटला परत सुरू होतो. सकाळी निघताना बायकोने न विचारता छत्री हातात ठेवली. दुपारी ज्याच्याशी महिनाभर तुटक तुटक बोलणं चाललं होतं, तो सहकारी जेवायच्या सुट्टीत स्वतःहून शेजारी येऊन बसला. ‘जागा आहे ना?’ एवढंच म्हणाला. मी फोनमध्ये होतो. मान हलवली आणि वाचत राहिलो. तो पाऊल उचलून आला होता, हे मला आत्ता, या खुर्चीत कळतंय.

पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेल्या त्या दोन शिष्यांचंही असंच झालं. सुमारे अकरा किलोमीटरची वाट प्रभू सोबत चालला आणि त्यांनी ओळखलं नाही. ओळख पटली ती भाकर मोडताना. मग ते एकमेकांना म्हणाले, तो वाटेने बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत पेटलं नव्हतं का? म्हणजे जाणवत होतं. लक्ष नव्हतं. उद्या त्याच्या टेबलापाशी मी जाईन.

आता संध्याकाळ. इथे यायचं मी टाळत होतो.

घरी आल्याआल्या लेक धावत आली. “पप्पा, हलतोय बघ, पुढचा!” दात जिभेने पुढे ढकलून दाखवत होती. मी बूटही काढले नव्हते, एक मेसेज टाइप करत होतो. म्हणालो, “नंतर, बाळा.” जेवायच्या आधी ती पुन्हा आली. “आता तर खूपच हलतोय.” मी म्हटलं, “जेवल्यावर बघतो.” जेवल्यावर फोन आला. फोन संपला तेव्हा ती झोपली होती.

टेबलावर वहीच्या कागदाची पुडी ठेवलेली दिसली. चार घड्या घातलेल्या, वर पेन्सिलीने ‘पप्पांसाठी’. आत दात. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, मुळाशी सुकलेल्या रक्ताची बारीक रेघ. तो तिच्या तोंडातून निघाला तेव्हा मी दहा पावलांवर होतो.

इग्नेशियस एकाच दोषावर लक्ष ठेवायलाही सांगतात. तो दोष घडला की लगेच छातीवर हात ठेवायचा, आणि रात्री त्या दिवसाच्या रेघेवर तितकी टिंबं द्यायची. मी महिनाभर ‘नंतर’ हा शब्द धरलाय. या वहीच्या शेवटच्या पानावर आठवड्याच्या सात रेघा आहेत. काल चार टिंबं होती. आज मोजून सात, त्यातलं एक तिच्या वाट्याचं. जेवल्यावर बघतो म्हणालो ते धरलं तर दोन. धरायला हवं. आठ.

दिवस पुन्हा डोळ्यांपुढून सरकला तेव्हा जुना न्यायाधीश उठून उभा राहिलाच. कसला बाप आहेस तू, वगैरे. त्याचं बोलणं ओळखीचं आहे. त्याच्या बोलण्यानंतर मन कोरडं पडतं, माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो, आणि लेकीचा चेहराही धूसर होतो. प्रभू असं बोलत नाही. त्याने मला फक्त त्या पुडीपाशी नेलं आणि चार घड्या हळूहळू उलगडायला लावल्या. रडू आलं, पण त्या रडण्यात तीच दिसत होती, मी नाही.

प्रभू, मला क्षमा कर. ती दोनदा आली आणि मी दोनदा घालवलं. सकाळी ती उठेल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत असेल. तिच्या दाताची जागा मी नीट बघेन, आणि तो कसा निघाला ते सगळं ऐकेन, कितीही लांबलं तरी.

शेवटी नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या.’ पुढे जाताच येईना. इतकी वर्षं तो शब्द तोंडात आहे, आणि आज हातातल्या कागदावर तीच हाक पेन्सिलीने लिहिलेली होती.

दिवा घेऊन तिच्या खोलीत गेलो. ती तोंड उघडं टाकून झोपली आहे, पुढच्या फटीतून श्वास बारीक वाजतोय. उरलेली प्रार्थना तिथेच, पलंगाच्या कडेला गुडघे टेकून म्हटली.