काजव्यांचे फोटो काढायचेत? मग उजेडात पोचा

मे संपत आला की दरवर्षी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "अरे तू काजव्यांचे फोटो काढतोस ना, सेटिंग सांग की." सांगतो ना, पण नुसत्या सेटिंगने काही होत नाही हे मी पहिल्याच वर्षी शिकलोय. भंडारदऱ्याला गेलो होतो, घाटघरच्या रस्त्याला, पोचेपर्यंत साडेआठ, मिट्ट काळोख, समोर अख्खं झाड लुकलुकतंय आणि कॅमेरा काही केल्या फोकस घेईना, लेन्स आपली घर्रर्र करत पुढे-मागे. शेवटी हातानेच अंदाजाने रिंग फिरवली आणि दणादण साठ फोटो काढले. मागच्या स्क्रीनवर एकदम झकास. घरी कॉम्प्युटरवर उघडले तर साठच्या साठ आउट, काजवे कसले, भिजवलेला साबुदाणा.

त्यामुळे आता माझा पहिला नियम म्हणजे सहाच्या आत पोचायचं. आधी झाड ठरवायचं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्यावर जास्त बसतात, पण काल कुठल्या झाडावर होते हे ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकांना विचारलेलं केव्हाही बरं, त्यांना रोजचं माहीत असतं. मग ट्रायपॉड. मधला दांडा वर काढू नका, वाऱ्याने तोच हलतो, आणि पाय जमिनीत नीट रुतवून घ्या कारण वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर माती भुसभुशीत असते आणि तासाभरात एक पाय खचतो. मग उजेड असतानाच खोडावर फोकस करायचा, ऑटोफोकस बंद करायचा, आणि फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी मारायची. हसू नका. अंधारात चाचपडताना रिंगला कधी हात लागतो कळतही नाही.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, तीपण बंद करा, ट्रायपॉडवर त्याचा उपयोग नाही, उलट कधीकधी तेच फोटो हलवतं.

आता सूर्य मावळला की सव्वासात-साडेसातला पंधरा-वीस मिनिटं जो निळसर उजेड असतो ना, त्यात झाडाचा एक नीट फोटो घ्या, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) कमी ठेवून. फांद्या-पानं दिसणारा हा फोटो म्हणजे पाया. यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही म्हणजे नाही, काजवे नंतर याच्यावरच बसवायचेत.

हो, बसवायचेत. हजारो काजव्यांनी भरलेले जे फोटो इन्स्टावर दिसतात ते बहुतेक एका फोटोत आलेले नसतात, तीस-चाळीस फोटो एकावर एक ठेवलेले असतात. डोळ्यांना एका वेळी तितके दिसत नाहीत, त्यामुळे तिथे जाऊन "एवढेच?" म्हणून खट्टू होऊ नका. मला स्वतःला यात फसवणूक वाटत नाही, पण खाली 'इतके फोटो जोडलेत' एवढं लिहायला काय जातं?

तर सेटिंग. साधी १८-५५ किट लेन्स असेल तर १८ वर, एफ ३.५ (म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं), आयएसओ १६००, शटर ३० सेकंद, फॉरमॅट रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ४००० केल्विनच्या आसपास ठेवून द्या. काजवे फिके आले तर आयएसओ ३२००. शटर वाढवून काजवा जास्त उजळ होत नाही, तो लुकलुकतो तेवढाच वेळ लुकलुकणार, फक्त मागचं आकाश पांढरं होत जाणार. एक-दोन टेस्ट काढून बघा, पण स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, अंधारात काळाकुट्ट फोटोही उजळ वाटतो, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, तो बघा. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करा. ते चालू असलं की ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद स्वतःशीच काहीतरी करत बसतो, म्हणजे अर्धे काजवे गेले. एकामागून एक फोटो आपोआप काढणारा इंटरव्हल टायमर लावा आणि बाजूला व्हा. घरी फोटो जोडायला स्टारस्टॅक्स फुकट मिळतं, किंवा फोटोशॉप नाहीतर गिंपमध्ये सगळे फोटो एकावर एक लेयर करून 'लायटन'वर टाका, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यात उजळ ठिपका राहतो.

मोबाइलवाल्यांनी नाइट मोडवर अवलंबून राहू नये, तो बरेच फोटो मिसळून हलणारी गोष्ट पुसायला बघतो आणि इथे हलणारी गोष्ट हाच तर फोटो आहे. प्रो मोड असेल तर तोच वापरा, मोबाइलचा छोटा ट्रायपॉड आणि ३ सेकंदांचा टायमर लावून.

टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा, फ्लॅश तर सोडाच. काजव्यांचं ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचे इशारे असतात, पांढरा उजेड पडला की त्यांचं बोलणंच तुटतं. लुकलुकणारे काजवे जेमतेम दोन-तीन आठवडे, जोराचा पाऊस लागला की संपलं. शनिवार-रविवारी तर जाऊच नका, गाड्यांची रांग लागते.

गेल्या वर्षी आठवड्याच्या मधल्या वारी गेलो, रस्त्यापासून लांब एका हिरड्यासमोर कॅमेरा लावला आणि दगडावर बसून राहिलो, काकूंनी बांधून दिलेली भाकरी-पिठलं खात. अठ्ठाविसावा फोटो चालू असताना वळणावरून एक गाडी आली, हेडलाइट फुल, सरळ झाडावर. कपाळाला हात लावला. जोडताना तो फोटो काढून टाकला, एवढा तरी फायदा असतो वेगवेगळे फोटो काढण्याचा. पण घरी एकेक फोटो मोठा करून बघत होतो तेव्हा लक्षात आलं, सत्ताविसाव्यात झाड गच्च भरलेलंय, आणि एकोणतीस, तीस, एकतीस जवळजवळ रिकामे. बत्तिसाव्यात खालच्या फांदीवर चार-पाच ठिपके परत आलेत.