भाचा घरचा, पासपोर्ट अमेरिकेचा

माझ्या दिरांना आणि जावेला मूल नाही. नणंद ओहायोत असते. तिला तिसरा मुलगा झाला आणि तिनंच फोनवर म्हटलं, "वहिनी, हा त्यांना देते." सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. त्यांच्या लेखी दत्तक म्हणजे गुरुजी बोलवायचे, मूल मांडीवर बसवायचं, रजिस्ट्री ऑफिसात कागद करायचा. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं घरातल्या घरात ते होतंही.

कागदपत्रांचं काम आमच्याकडे माझ्या गळ्यात पडतं. नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या वकिलांनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "बाळ नागरिक कुठलं?" मग जुलै 2025 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. असंच अमेरिकेत जन्मलेलं नात्यातलं मूल, दत्तक घ्यायला तयार असलेलं भारतीय जोडपं, आणि याचिका फेटाळलेली. परदेशी नागरिक असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत अधिकार भारतीयाला नाही, मग ते नातेवाइकाचं का असेना. बाल न्याय कायदा निराधार, काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी आहे. आमच्या भाच्याला तर आई-बाप दोन्ही धडधाकट.

वाट एकच. आधी तिथल्या कायद्यानं दत्तक पूर्ण करा, मग 'कारा'ची, म्हणजे आपल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची मान्यता, मग व्हिसा. दिरांचं इतवारीत धान्याचं दुकान आहे. ते बंद करून अमेरिकेच्या कोर्टात कोण खेटे घालणार?

"आपलंच लेकरू आपल्याच घरी येऊन राहिलं, त्याले सरकारची कायची परवानगी?" सासूबाई चिडल्या. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या बाईनं हे विचारावं याची मला गंमत वाटली. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, कंपनीनं दत्तक मानला नाही आणि 1854 मध्ये अख्खं नागपूरचं राज्य खालसा झालं. तो मात्र निव्वळ लुटीचा मामला होता.

आताचे नियम तसे नाहीत, हे रागारागात वाचत गेले तेव्हा कळलं. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या मुलांचे सौदे होतात, अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्रानं केली होती. 1984 च्या निकालानं त्या व्यवहाराला शिस्त आली. देशादेशांतल्या दत्तकाचे नियम घालणारा 1993 चा हेग करार भारतानं 2003 मध्ये स्वीकारला. दक्षिण कोरियात तर आई-बाप असलेली मुलं कागदावर अनाथ दाखवून परदेशी धाडली गेली, असं तिथल्या सरकारी आयोगानंच 2025 मध्ये सांगितलं. चीननं 2024 मध्ये, नात्यातली प्रकरणं सोडून, परदेशी दत्तक बंदच केलं.

नात्यातली सोडून! चीनला सुचतं ते आपल्याला का सुचू नये? जन्मदाती समोर आहे, पैशाचा व्यवहार नाही, आजी एकच. अशांसाठी इथल्या इथे एखादी सरळ वाट हवी, हे माझं मत आजही कायम आहे.

पण एक गोष्ट मात्र मला टोचली. आपल्याकडे मूल संस्थेकडे सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. नणंद बाळंतिणीच्या खोलीतून बोलली होती, आणि आमच्या घरात दुसऱ्या दिवशी नावावरून भांडण सुरू झालं होतं. हे जमणार नाही असं कळवलं तेव्हा ती फोनवर नुसती "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये मला सुटका ऐकू आली. जावेला विचारलं, तर तिलाही.

आता दोघं 'कारा'च्या पोर्टलवर इथल्याच मुलासाठी नाव घालताहेत. तिथं नवरा-बायकोच्या वयाची बेरीज मांडतात: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जास्तीत जास्त 85, चार वर्षांपर्यंत 90. यांची आज बरोबर 90 आहे आणि पुढच्या महिन्यात दिरांचा वाढदिवस. वय नोंदणीच्या तारखेला धरतात, म्हणून काल रात्री जेवणं आटोपल्यावर जावेला लॅपटॉपसमोर बसवलं, आणि पॅनकार्ड दुकानात विसरलेल्या दिरांना परत इतवारीत पिटाळलं.